इंग्लंडचं पेन्शन मिरजेला आणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई मिरजेच्या. नर्सिंग इथंच शिकल्या आणि 2003 साली इंग्लंडला गेल्या. 2004 ते 2016 एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आणि पुढं 2025 पर्यंत एका खासगी नर्सिंग होममध्ये नोकरी केली. 10 जुलै 2025 ला त्या कायमच्या परत आल्या. पासपोर्ट भारतीयच ठेवला आहे. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात 54 पूर्ण झाली. खासगी नोकरीच्या पेन्शन फंडात 41,000 पौंड साठलेत. एनएचएसकडून साठाव्या वर्षापासून वर्षाला साधारण 6,000 पौंड आणि सुरुवातीला एकरकमी 18,000 पौंड मिळतील असं त्यांच्या कागदावर आहे. शिवाय स्टेट पेन्शनसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनसाठी, 22 वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी वर्गणी) भरून झालाय. दुबईहून एका एजंटाचा फोन येतो, तो म्हणतो सगळं माल्टाच्या योजनेत फिरवून देतो. सांगलीतला एक विमा प्रतिनिधी म्हणतो, भारतातच आणा. कुणाचं ऐकायचं?

ताई, दोघांचंही नको. तुमचे तिन्ही पैसे आहेत तिथंच राहू द्यात. हलवायचं असेल तर त्यातला एक छोटा तुकडा हलवा, आणि तो कुठं न्यायचा यापेक्षा कधी काढायचा याला जास्त किंमत आहे. ती तारीख पुढं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या बाबतीत ती फार चांगली जुळून आली आहे आणि दोन्ही एजंटांनी तिचा उल्लेखसुद्धा केलेला नाही.

गेल्या काही वर्षांत या धंद्यात एजंटांचं पेव फुटलंय. तिकडून परत आलेली नर्स, डॉक्टर किंवा आयटीवाला दिसला की पहिला प्रश्न "पेन्शनचं काय केलं?" ऐकणाऱ्यालाही वाटतं, आपण इथं आणि पैसा सात समुद्रापलीकडं, कुणी खाल्ला तर? भीती समजते. पण पेन्शन इकडं आणणं म्हणजे बँकेतली एफडी दुसऱ्या शाखेत वळवणं नव्हे. ब्रिटननं त्या पैशावर जमा होताना करसवलत दिलेली असते. तो पैसा आपल्या नजरेआड जाणार असेल तर ते सरकार आधी हिशोब मागतं.

हिशोब मागायची पद्धत अशी. ब्रिटनबाहेरच्या ज्या पेन्शन योजना तिथल्या अटी पाळतात त्यांना सगळे क्यूरॉप्स म्हणतात. तिथलं कर खातं, म्हणजे एचएमआरसी, त्यांची यादी महिन्यातून दोनदा, 1 आणि 15 तारखेला, प्रसिद्ध करतं. यादीत नसलेल्या योजनेत पैसा गेला तर तो अनधिकृत धरला जातो. त्यावर 40 टक्के कर आणि वर 15 टक्के अधिभार, मिळून 55 टक्के. यादीत नाव आहे म्हणजे सरकारनं हमी दिली असंही नाही, योजनेनं स्वतःच अटी पाळतो असं कळवलेलं असतं एवढाच त्याचा अर्थ.

आता माल्टा. 9 मार्च 2017 पासून ब्रिटननं परदेशी बदलीवर 25 टक्के कर लावलाय. तुम्ही ज्या देशात राहता त्याच देशातली योजना असेल तर तो सहसा माफ होतो. पूर्वी युरोपातल्या योजनांना मोठी सूट होती, पण ती युरोपातच राहणाऱ्यांसाठी, आणि तीही 30 ऑक्टोबर 2024 पासून गेली. तुम्ही मिरजेत, योजना माल्टात. म्हणजे 41,000 मधले 10,250 पौंड पहिल्याच दिवशी कापले जाणार. गंमत बघा: ब्रिटनच्या कायद्यानं या फंडातला चौथा हिस्सा तुम्हाला करमुक्त हातात मिळायचा आहे. एजंटाचं ऐकलं तर नेमका तोच चौथा हिस्सा करात जातो. वर त्याचं कमिशन आणि योजनेचा दरवर्षीचा खर्च आहेच.

शिवाय 30 नोव्हेंबर 2021 पासून तिथल्या पेन्शन योजनांना बदलीआधी चौकशी करावी लागते. परदेशी योजनेच्या देशाशी तुमचा नोकरीचा किंवा वास्तव्याचा संबंध काय, याचा पुरावा मागतात. शंका आली तर मनीहेल्पर या सरकारी सल्लासेवेशी बोलून येईपर्यंत थांबवतात, आणि फसवणुकीची ठळक लक्षणं दिसली तर बदली नाकारूही शकतात. फोनवरचा माणूस म्हणतो, "ते कागद आम्ही बघून घेतो." असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा. कागद तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं जातात. खोटा पत्ता लिहिला तर तो तुम्ही लिहिला असं होतं.

त्यानं तुम्हाला वारसा कराचीही भीती घातली आहे. न वापरलेला पेन्शन फंड 6 एप्रिल 2027 पासून ब्रिटनच्या वारसा करात मोजला जाणार, हे खरं आहे. पण तिथं 3,25,000 पौंडांपर्यंत तो कर शून्य असतो. तुमचे 41,000 आहेत. हा विषय इथंच संपला.

विमा प्रतिनिधीचं म्हणणं त्या मानानं बरं. भारतात राहणाऱ्यानं भारतातल्या क्यूरॉप्समध्ये आणलं तर तो 25 टक्के कर लागत नाही. आपल्याकडच्या काही आयुर्विमा कंपन्यांनी अशा योजना काढल्या होत्या. पण 2015 च्या एप्रिलपासून ब्रिटननं अट घातली की परदेशी योजनेनंही 55 वर्षांआधी पैसे देता कामा नयेत. आपल्याकडच्या पेन्शन पॉलिसींचे नियम त्या मापानं शिवलेले नव्हते, त्यामुळं तो रस्ता बराच अरुंद झाला. आज कोणती भारतीय योजना यादीत आहे ते ज्या दिवशी निर्णय घ्याल त्याच दिवशी यादी उघडून बघा, प्रतिनिधीच्या जुन्या माहितीपत्रकावर जाऊ नका. बदली केलीच तर एपीएसएस 263 नावाचा फॉर्म तुम्हाला 60 दिवसांत भरून द्यावा लागतो, नाहीतर माफ असलेला 25 टक्के करही लागतो. आणि पुढच्या पाच पूर्ण करवर्षांत तुम्ही तिसऱ्या देशात राहायला गेलात, समजा मुलीकडं कॅनडाला, तर तो कर मागे वळून येऊ शकतो.

कायद्यानं शक्य असलं तरी मी नको का म्हणतो? विमा कंपनीत आलेल्या पैशातली मोठी रक्कम शेवटी ॲन्युइटीत जाते, म्हणजे रुपयात ठरलेला हप्ता, बहुतेक वेळा न वाढणारा, आणि एकदा घेतला की मागे फिरणं नाही. तुम्ही 54 वर्षांच्या आहात. तुमच्या घरात माणसं नव्वदीपर्यंत जगतात असं तुम्हीच लिहिलंय. पस्तीस वर्षं न वाढणारा रुपयातला हप्ता कशाला गळ्यात बांधून घ्यायचा? पौंडाचा धोका आहेच. जून 2016 मध्ये युरोपातून बाहेर पडण्याचा कौल लागला तेव्हा पौंड कसा गडगडला ते तुम्ही तिथं असताना पाहिलंय. पण तुम्ही गेलात तेव्हा, 2003 च्या आसपास, पौंड ऐंशी रुपयांच्या आतबाहेर होता आणि आज शंभरच्या पुष्कळ वर आहे. खर्च रुपयात असताना उत्पन्नाचा एक भाग पौंडात असणं मला तरी वाईट वाटत नाही.

"रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आणावंच लागतं" असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. लागत नाही. परदेशात रहिवासी असताना कमावलेली मालमत्ता परत आल्यावरही तिथंच ठेवायला परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या कलम 6(4) नं मुभा आहे.

आता तारखेचं. इथं जरा सावकाश वाचा.

आपल्या आयकरात परत आलेल्या माणसाला काही काळ "रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे" असा मधला दर्जा मिळतो. आम्ही लोक त्याला आरएनओआर म्हणतो. या काळात परदेशात उगवलेलं आणि परदेशातच हातात पडलेलं पेन्शन भारतात करपात्र नसतं. दर्जा दरवर्षी नव्यानं तपासायचा. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी होतात, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात एकूण 729 किंवा त्याहून कमी दिवस होतात, यातली एक अट बसली की झालं.

तुमचं 2025-26: दहाच्या दहा वर्षं अनिवासी. बसलं. 2026-27: दहातली नऊ. बसलं. 2027-28 ला आठच उरतात, म्हणून पहिली अट सुटली, दुसरी बघायची. 10 जुलै 2025 ते 31 मार्च 2026 हे 265 दिवस आणि पुढच्या वर्षाचे 365, मिळून 630. म्हणजे 99 दिवस शिल्लक. 2020-21 ते 2024-25 या पाच वर्षांत, आणि एप्रिल ते जुलै 2025 मध्येही, तुम्ही सुट्टीला इथं आलेले सगळे दिवस मिळून 99 च्या आत असतील तर 2027-28 सुद्धा आरएनओआर. कोविडच्या वर्षांत तुम्हाला फारसं येता आलं नसणार, तेव्हा शक्यता आहे. पण अंदाजानं बोलू नका, शिक्के मोजा. आलात तो दिवस आणि गेलात तो दिवस, दोन्ही धरून ठेवा.

आता तिकडचं. खासगी फंडातून पैसे काढायचं ब्रिटनमधलं किमान वय आज 55 आहे आणि 6 एप्रिल 2028 पासून 57 होतंय. तुम्हाला 55 पूर्ण होतात मार्च 2027 च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे वाढदिवसापासून 31 मार्च 2027 पर्यंतच्या तीन-साडेतीन आठवड्यांत दोन्ही देशांचे नियम तुमच्या बाजूनं आहेत, आणि याबद्दल शंका नाही. शिक्के मोजून 99 च्या आत बसलात तर ही मुदत 31 मार्च 2028 पर्यंत लांबते. त्यानंतर 6 एप्रिल 2028 ला तिकडचं दार बंद, ते मार्च 2029 मध्ये 57 पूर्ण झाल्यावर उघडेल. तेव्हा तुम्ही भारतात पक्क्या रहिवासी असाल, आणि ब्रिटनमधला करमुक्त चौथा हिस्सा आपल्या आयकरात आपोआप करमुक्त ठरत नाही.

म्हणून माझा सल्ला: त्या मुदतीत 25 टक्के, म्हणजे आजच्या आकड्यानं 10,250 पौंड, काढा. ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्यानं ते करमुक्त आहेत, त्यासाठी दोन देशांतला करविषयक करारबिरार लागत नाही. आणि ते तुमच्या इंग्लंडमधल्या बँक खात्यातच घ्या. हे फार लोक चुकतात. आरएनओआरला परदेशी उत्पन्न माफ असतं खरं, पण तेच उत्पन्न पहिल्यांदा भारतात मिळालं तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न ठरतं. मिरजेच्या शाखेचा खाते क्रमांक पेन्शन कंपनीला दिलात की सगळी मांडणी विस्कटली. आधी तिथं जमा होऊ द्या, मग ती तुमची बचत झाली. हवी तेव्हा इकडं मागवा. पौंडातच ठेवायची असेल तर परत आलेल्यांसाठी असलेलं आरएफसी खातं उघडा. तुमचं एनआरई, म्हणजे अनिवासी म्हणून उघडलेलं, खातं अजून तसंच चालू असेल तर तेही बँकेला सांगून बदलून घ्यायचं आहे. परतल्यावर ते तसं ठेवता येत नाही, आणि त्याच्या व्याजाचा कराचा प्रश्न वेगळाच उभा राहतो.

उरलेले 30,000 च्या वर पौंड? भारत-ब्रिटन कर करारानुसार खासगी पेन्शनवर कर लावायचा हक्क राहत्या देशाला, म्हणजे भारताला. आणि भारत आरएनओआर काळात लावत नाही. यावरून पुण्या-मुंबईचे काही सल्लागार "सगळं एकदम काढा, दोन्हीकडं शून्य" असं सांगतात. कागदावर ते बसतं. प्रत्यक्षात ब्रिटनमधली कंपनी पैसे देताना आपत्कालीन कोडनं कर कापते. तो टाळायला एचएमआरसीकडून एनटी, म्हणजे कर न कापण्याचा, कोड घ्यायचा, त्यासाठी डीटी-इंडिव्हिज्युअल फॉर्म, त्याला आपल्या आयकर खात्याचं रहिवास प्रमाणपत्र. हे सगळं तीन आठवड्यांत होत नाही. कापलेला कर परत मागता येतो, पण कागद मागून कागद येतात. आणि समजा झालंच सगळं, तर 30,000 पौंड हातात आल्यावर त्यांचं काय करणार? सांगली-मिरजेत इतकी रक्कम घरात आली की आठवड्याभरात प्लॉट दाखवायला माणूस येतो. तो पैसा म्हातारपणाचा आहे, त्याला फंडात राहू द्या. तुम्हाला घर दुरुस्तीला रक्कम हवी असं लिहिलंय, तिला चौथा हिस्सा पुरतो.

एक गोष्ट मात्र आत्ताच विचारून ठेवा, मार्चची वाट पाहू नका. तुमच्या योजनेत चौथा हिस्सा काढून बाकी तसंच ठेवायची सोय आहे का, आणि भारतातल्या पत्त्यावरच्या माणसाला ती देतात का? बऱ्याच योजना एक तर सगळं घ्या नाहीतर दुसरीकडं जा म्हणतात, आणि ब्रिटनमधल्या दुसऱ्या कंपन्या परदेशी पत्ता बघून नवं खातं उघडत नाहीत. तसं असेल तर आपल्याला वेगळा विचार करावा लागेल. पैसे देण्याआधी ते तुम्हाला पेन्शनवाइज या मोफत मार्गदर्शनाबद्दल विचारतील. फोनवर होतं, घ्या. ते कुठलीही योजना विकत नाहीत. इंग्लंडचं बँक खातंही जपा. परदेशी पत्ता कळवल्यावर काही बँका खातं बंद करायची नोटीस पाठवतात. ती वाचायची राहिली तर ऐन मार्चमध्ये पंचाईत होईल.

एनएचएसचं प्रकरण सोपं आहे. ते हलवायचा विचारच करू नका. त्यामागं साठवलेला फंड नाही, सरकार चालू तिजोरीतून देतं, आणि अशा सार्वजनिक योजनांतून लवचिक, म्हणजे हवे तसे पैसे काढता येणाऱ्या, योजनांत पैसा नेणं 2015 च्या एप्रिलपासून बंद आहे. नसतं तरी मी नको म्हटलं असतं. हे पेन्शन महागाईप्रमाणं दरवर्षी वाढतं आणि तुम्ही मिरजेत राहिलात म्हणून ती वाढ थांबत नाही. आयुष्यभर, महागाईशी जोडलेलं, सरकारी हमीचं. आपल्या बाजारात असं काही विकत मिळत नाही. साठाच्या आधी घेतलंत तर कायमची कपात बसते, तेव्हा मार्च 2032 पर्यंत धीर धरा. तुमची 2015-16 ची एक वर्षाची सेवा नव्या योजनेत गेली होती. न्यायालयाच्या निकालानंतर ती कोणत्या योजनेत मोजायची याचा पर्याय निवृत्तीच्या वेळी देतात. तेव्हा दोन्ही आकडे मागून घ्या. पत्ता आणि वारसाचं नाव मात्र आजच बदलून कळवा. वारस म्हणून अजून तुमच्या आईंचं नाव असेल, लग्नाआधी भरलेला फॉर्म तोच असतो.

कराबाबत लोक विचारतात की सरकारी पेन्शनवर ब्रिटनच कर लावतं ना? एनएचएसचं पेन्शन करारातल्या सरकारी पेन्शनच्या कलमात सहसा धरत नाहीत. आणि धरलं तरी तुमचा पासपोर्ट भारतीय आणि राहणं भारतात, त्यामुळं हक्क भारताकडंच येतो. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेऊन ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढलंय आणि ज्यांचं पेन्शन तिथल्या पोलीस किंवा नागरी सेवेतलं आहे, त्यांचं उत्तर वेगळं निघतं. त्यांनी तुमचं उत्तर स्वतःला लावू नये.

स्टेट पेन्शन कुठंच हलत नाही. कुणी हलवून देतो म्हणाला तर तो सरळ खोटं बोलतोय. तुमचा जन्म 1972 चा, म्हणजे आजच्या कायद्यानं 67 व्या वर्षी, 2039 ला सुरू होईल. किमान 10 वर्षं भरलेली लागतात, ती आहेत. पूर्ण पेन्शनला 35 लागतात. 2026-27 चा पूर्ण दर आठवड्याला 241.30 पौंड आहे, त्याचे 22/35 केले तर 151 च्या आसपास येतात. पण एवढे मिळतीलच असं धरू नका. एप्रिल 2016 पर्यंत एनएचएसची योजना "कॉन्ट्रॅक्टेड आउट" होती, म्हणजे तुम्ही आणि मालक दोघंही कमी नॅशनल इन्शुरन्स भरत होता. त्याची वजावट सुरुवातीच्या रकमेत झालेली असते. खरा आकडा तिथल्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या अंदाजपत्रकात दिसेल.

आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट. भारतात राहणाऱ्याचं स्टेट पेन्शन गोठतं. तिथं दरवर्षी वाढतं, अमेरिकेत राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरचंही वाढतं, पण आपल्याकडं ज्या दरानं सुरू झालं तोच दर शेवटपर्यंत. दोन देशांत तसा करार नाही म्हणून. तिथं रांगेत उभं राहून तुमच्याइतकंच भरलेल्या शेजारणीला 80 व्या वर्षी जे मिळेल ते तुम्हाला मिळणार नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियोजन करताना गोठलेलंच धरा.

उरलेली 13 वर्षं विकत घ्यावीत का? परदेशातून आठवड्याला 3.50 पौंड भरून चालायचं तो नॅशनल इन्शुरन्सचा स्वस्त दुसरा वर्ग 6 एप्रिल 2026 पासून परदेशातल्यांना बंद झाला. आता तिसरा वर्ग, ज्याचा 2025-26 चा दर आठवड्याला 17.75 होता, म्हणजे वर्षाला सुमारे 923 पौंड. एका वर्षाच्या भरण्यानं पेन्शन आठवड्याला जेमतेम 6.90 पौंडांनी वाढतं, म्हणजे वर्षाला 358 च्या आसपास. 67 नंतर पावणेतीन वर्षांत वसूल होतं. तरी घाई नको, कारण चुकलेलं वर्ष सहसा सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन भरता येतं. अंदाजपत्रक बघून, आधी दोन-तीन वर्षं भरून बघा. पेन्शन आपोआप सुरू होत नाही, वेळ आली की न्यूकॅसलच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडं अर्ज करायचा असतो. नंतर ते टपालानं हयातीचा दाखला पाठवतात. तो परत गेला नाही तर पेन्शन थांबतं. पत्ता नीट लिहा, पिनकोडसकट. "गणपती मंदिराजवळ, मिरज" एवढ्यावर न्यूकॅसलहून निघालेलं पाकीट पोचेल याची खात्री कोण देणार?

पक्क्या रहिवासी झालात की आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं. ते आर्थिक वर्षावर चालत नाही, 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं असतं. लपवलं तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण तुमचा फंड आजच्या भावानं त्याच्या वर जातो. एनएचएसच्या पेन्शनला खातं नाही की शिल्लक नाही, तरी मी अशिलांच्या विवरणपत्रात ते नमूद करतो. त्यात काही जात नाही.

त्याच पहिल्या वर्षी आणखी एक निवड करायची. फंड तिथं वाढत राहतो, ब्रिटन कर काढताना लावतं, आणि आपल्याकडं मात्र वाढीवर दरवर्षी कर की काढताना, असा घोळ होता. 2021-22 पासून कलम 89A आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या निवृत्ती खात्यांवर, तिथं जेव्हा कर लागतो तेव्हाच इथं, अशी सोय मिळाली. त्यासाठी फॉर्म 10-ईई विवरणपत्राच्या मुदतीच्या आत भरायचा असे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, सोय कायम आहे. एकदा निवडलं की पुढच्या वर्षांनाही तेच बांधून घेतं, म्हणून निवडण्याआधी एकदा भेटा.

तुमच्या मैत्रिणीचा यजमानांच्या अमेरिकेतल्या 401(के) या निवृत्ती फंडाबद्दलचा प्रश्नही तुम्ही जोडलाय. तो फंड भारतातल्या कुठल्याच योजनेत बदलून आणता येत नाही. साडेएकोणसाठच्या आधी काढला तर सहसा 10 टक्के दंड. त्यांची आरएनओआर वर्षं मोजा, बाकी विचार याच रस्त्यानं. सोशल सिक्युरिटीला, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनला, 40 क्रेडिट लागतात, भारताशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा करार नसल्यानं इथली वर्षं त्यात धरत नाहीत. कॅनडाशी मात्र 2015 पासून आणि ऑस्ट्रेलियाशी 2016 पासून करार आहे. तात्पुरत्या व्हिसावर ऑस्ट्रेलियात काम करून आलेल्यांना सुपरॲन्युएशन, म्हणजे तिथला निवृत्ती फंड, परत मागता येतं, पण साधारणपणे 35 टक्के कापून. आखाताचं विचारूच नका, तिथं परदेशी कामगाराला पेन्शन नसतं, ग्रॅच्युइटी असते आणि ती नोकरी सोडतानाच पदरात पाडून घ्यायची.

उलट्या दिशेनं जाणारेही बरेच आहेत. तुमच्या भाच्यानं किर्लोस्करवाडीची नोकरी सोडून इंग्लंडला जायचं ठरवलंय. त्याचा पीएफ तिथल्या पेन्शनमध्ये जात नाही. कायमचा परदेशी जाणाऱ्याला पीएफ काढता येतो, पण सलग पाच वर्षं सेवा झाली नसेल तर करपात्र होतो. त्यापेक्षा पीएफबरोबर असलेल्या त्याच्या ईपीएस पेन्शनकडं बघा. दहा वर्षं भरत आली असतील तर भरू द्या, म्हणजे 58 व्या वर्षी थोडं का होईना पेन्शन लागू होतं. आधीच सोडलं तर स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवावं, परत येऊन नोकरी केली तर ती वर्षं जोडली जातात. जाण्याआधी यूएएनला, म्हणजे पीएफच्या क्रमांकाला, आधार, पॅन आणि बँक खातं जोडून घ्यायला सांगा. तिथून ओटीपीसाठी इथलं सिम शोधत बसायची वेळ फार जणांवर येते.

दिवाळीनंतर या. येताना दोन्ही पासपोर्ट आणा, जुना रद्द झालेला सुद्धा, कारण 2020 नंतरचे शिक्के त्यातच असतील. खासगी योजनेचं शेवटचं वार्षिक पत्रक, एनएचएसचं पत्र आणि नोकरी सोडताना मिळालेला पी45 आणा. विमा प्रतिनिधीनं सही करून घेतलेला कोरा प्रस्ताव फॉर्म त्याच्याकडं राहिलाय असं तुम्ही लिहिलंय. तो आधी परत घ्या.